आरशावरचा दिवा

पेंटरकाका आयुष्यात खोटं फारसं बोलले नव्हते, आणि त्यात त्यांचा मोठेपणा काही नव्हता. त्यांना ते जमतच नसे. खोटं तोंडातून निघायच्या आधी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि बायको हातातलं काम न सोडता म्हणायची, "झालं, लागला सिग्नल!" त्यामुळे सत्तरी उलटल्यावर, बायको गेल्यावर, आणि तेही पोटच्या पोरीशी त्यांनी जी लबाडी सुरू केली ती त्यांची पहिलीच म्हणायची. पहिलीच असल्यामुळे तीत चुकाही भरपूर झाल्या.

काका मोटारींचे पेंटर. ठोकलेली गाडी गॅरेजमध्ये आली की डेंटर पत्रा सरळ करायचा आणि पुढचं सगळं काकांचं. घासणं, खळगे बुजवायला लांबी भरणं, पुन्हा घासणं, प्रायमर, रंग. गाडी कुठे ठोकली होती ते खुद्द मालकाला बोट ठेवून सांगता येऊ नये, असं काम. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत ते पेंटरकाकाच होते. आणि अशा माणसाच्या बाथरूममधला दिवा गंजून गेला होता. लाज वाटायला हवी की नको?

दिवा तसा साधा. आरशाच्या वर भिंतीला पत्र्याची गोल तबकडी, तीतून पुढे आलेली वाकडी दांडी, आणि दांडीच्या टोकाला उपड्या वाडग्यासारखी पत्र्याची टोपी. टोपीत बल्ब. घर बांधलं तेव्हा काका म्हणाले होते, बाथरूमला काय, एक बल्ब लटकवला की झालं. बायको म्हणाली, "तुम्ही गाडीच्या पत्र्यात तोंड बघता, मला आरसा लागतो. आणि आरशावर दिवा लागतो." तिने तो स्वतः दुकानात जाऊन निवडला, आणि वर्षानुवर्षं त्याच्याखाली वेणी घातली. वाफेने टोपीला गंज धरला, भिंतीवर लाल ओघळ आले. ती असती तर पहिल्याच ओघळाला तिने काकांना स्टुलावर चढवलं असतं. पण ती गेली, आणि मान वर करून दिव्याकडे बघणारं घरात कुणी उरलं नाही. मग एक दिवस तोही लागेनासा झाला.

काकांनी काय करावं? त्यांनी टॉर्च सुतळीने नळाला बांधला आणि त्या उजेडात अंघोळ करायला लागले. चाललंय की, म्हणाले. कुणाला म्हणाले, तर स्वतःलाच. असे महिने गेले. मग एका सकाळी साबण हातातून सुटला, अंधारात तो शोधताना पाय सटकला आणि घोटा टम्म सुजला. फोनवर लेकीला म्हणाले, "काही नाही गं, जरासा मुरगळलाय." फोनवर कान दिसत नाहीत. पण लेक आईवर गेलेली. दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन दारात हजर.

हिचं नाव घरात भिंगरी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं, आणि चाळिशी ओलांडली तरी सुटलं नाही. गॅरेजमध्ये अशीच गरगरताना एका गाडीच्या दारात तिची डावी करंगळी सापडली होती, ती अजून बाहेरच्या बाजूला वाकडी होती. आता ती दुसऱ्या गावी एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, कवळी घासूनपुसून अशी गुळगुळीत करायची की जिभेला कळूसुद्धा नये. बापाचा हात तिच्यात उतरला होता, एवढंच की तो मोटारींवरून दातांवर आला होता.

ती हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेली. बटण दाबल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग ती बाहेर आली.

"बाबा, हे काय आहे?"

"टॉर्च."

"टॉर्च आहे ते दिसतंय मला. नळाला का बांधलाय?"

"दिवा लागत नाही म्हणून."

"कधीपासून?"

"झाले असतील चार दिवस," काका म्हणाले, आणि दोन्ही कान जास्वंदीसारखे लाल झाले.

भिंगरीने कानांकडे बघितलं. "खरं सांगा."

"तुझी आई गेली ना, त्यानंतर थोड्याच दिवसांनी तोही गेला."

भिंगरीने मागे वळून टॉर्चकडे बघितलं. मग तिचा बांध फुटला. "धन्य आहे तुमची! रोज फोनवर विचारते, कसं चाललंय, तर म्हणे झक्कास! अंधारात अंघोळ करायची, पाय मोडून घ्यायचा आणि झक्कास! ऐकून ठेवा, हा दिवा लागल्याशिवाय मी इथून हलणार नाही. हलणार नाही म्हणजे नाही!"

बिचारी रागाच्या भरात बोलली. बापाचा पाय दोनचार दिवसांत ठीक होईल, दिवाही होईल, मग आपण जाऊ, इतकंच तिच्या मनात होतं. पण काकांनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. दिवा लागल्याशिवाय हलणार नाही.

समोरचा वायरमन येऊन दिवा काढून गेला. वायर ठीक आहे म्हणाला, नवा होल्डर टाकावा लागेल. "नाहीतर प्लास्टिकचं नवीन फिटिंगच बसवून टाकतो ना काका, कशाला गंज उगाळत बसता?"

"नको," काका आणि भिंगरी एका दमात म्हणाले. वायरमनने हात जोडले. "बरं बाबा, नको तर नको. घासून रंगवून तयार ठेवा, मी येऊन जोडतो."

मग गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरली गेली. काका खुर्चीत, पाय स्टुलावर. भिंगरी खाली मांडी ठोकून. स्क्रू असे जाम झाले होते की त्यांच्यावर रॉकेल सोडून वाट बघावी लागली. एकेक स्क्रू कुरकुरत सुटला, तशी टोपी वेगळी, दांडी वेगळी, तबकडी वेगळी झाली. भिंगरीने तारेच्या ब्रशने गंजाचे पापुद्रे पाडले, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. काकांचं तोंड चालूच. "गोल फिरवू नकोस, चरे पडतील. एका दिशेने जा. हां, अस्सं. कडेला बोट वाकवून घे."

"बाबा, मी रोज घासते. कवळीचं घासणं यापेक्षा अवघड असतं."

"कवळीला गंज येतो का?"

"येत नाही."

"मग गप घास."

ती हसली, काकाही हसले. घरात दोन माणसं एकदम हसल्याचा आवाज फार दिवसांनी झाला होता आणि काकांना तो इतका बरा वाटला की ते उगाचच अजून एकदा हसले. जेवणाच्या वेळेपर्यंत पत्रा लख्ख झाला. भिंगरी टोपी उचलून उजेडात धरायला गेली तसे काका ओरडले, "उघड्या हाताने नाही! फडक्याने धर. घासलेल्या पत्र्याला नुसत्या बोटाचा घाम पुरतो. रंगाच्या आत गंज बसतो तो बसतोच."

"आईची गोष्ट," भिंगरी म्हणाली.

"आईचीच गोष्ट."

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. लग्नानंतर नवी नवी होती तेव्हा बायको एकदा गॅरेजमध्ये डबा घेऊन गेली. घासून प्रायमरसाठी तयार ठेवलेलं एका गाडीचं दार उभं होतं. किती छान चमकतंय म्हणून तिने त्यावर सपकन हात ठेवला. काकांच्या लक्षात आलं नाही, त्यांनी वरून रंग मारला. काही लोकांचा घाम जरा जास्तच खारट असतो, तिचा तसा होता. गाडी गेली, पुष्कळ दिवसांनी मालक परत आला, तणतणत. दाराच्या रंगाखालून पाच बोटं आणि तळवा, असा अख्खा हात गंजाने वर आला होता. "माझी बायको मला विचारतेय, हा कुठल्या बाईचा हात?" मालक म्हणाला. गॅरेजमध्ये लोक पोट धरून हसले. काकांनी दार मुकाट्याने पुन्हा घासून दिलं. त्यानंतर जन्मभर त्यांनी रंगाखाली बोटाचा एक ठसा राहू दिला नाही.

दुपारच्या उन्हात प्रायमर मारत नाहीत, फोड येतात. तो चहाच्या वेळी मारायचा ठरला. सुट्या भागांवर फडकं टाकून दोघं आपापल्या खोलीत आडवे झाले. भिंगरीला पडल्या पडल्या झोप लागली. काकांना लागेना. त्यांनी मनात सगळं मांडून बघितलं. आज प्रायमर, उद्या रंग, परवा वायरमन. आणि मग बॅगेची चेन ओढल्याचा आवाज. नंतर पुन्हा रेडिओ, पुन्हा एका कपाचा चहा, पुन्हा फोनवर झक्कास.

राहा म्हणायला काय झालं होतं? पण ते काकांना यायचंच नाही. तिला तिचा संसार आहे, काम आहे, बापाने तिच्या पायात कशाला यायचं? हे एक. आणि दुसरं म्हणजे, असलं मायेचं बोलायचं काम घरात बायकोकडे होतं. लेकीला निरोप देताना ती डोळे पुसत सगळं बोलायची आणि काका मागून म्हणायचे, "बस चुकेल."

ते उठले, लंगडत स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. समोर मिठाची बरणी. शेजारी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. आता खरं सांगायचं तर बाटली आणि बरणी अशी शेजारी शेजारी नसती तर त्यांना हे सुचलंही नसतं. त्यांनी बाटलीत मूठभर मीठ टाकलं, अर्धं लिंबू पिळलं, खळाखळा हलवलं आणि चोरासारखे गॅलरीत गेले. फडकं उचललं. फुस्, फुस्, फुस्. जन्मभर ज्याच्याशी वैर केलं त्या गंजाला त्यांनी स्वतःच्या हाताने आवतण दिलं आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं.

चहाच्या वेळी भिंगरीने फडकं काढलं. "अगं बाई! बाबा, हे बघा काय झालं!"

टोपीवर, तबकडीवर, सगळीकडे केशरी बुरा धरला होता.

"अरेच्चा!" काका म्हणाले. कान लाल झालेले त्यांना जाणवले, म्हणून त्यांनी ते खाजवल्यासारखं केलं. "हात लागला असणार तुझा. तुझा घाम आईसारखाच. तिने हात लावला की लोखंड गंजायचं."

"मी तर फडक्याने धरलं होतं."

"त्याआधी लागला असेल. जाऊ दे. उद्या पुन्हा घासू. घाई कसली आहे?"

दुसऱ्या दिवशी भिंगरीने बॅगेतून लॅबचे रबरी मोजे काढले आणि हातात चढवून बसली. पुन्हा घासलं. काकांनी तिला गॅरेजच्या गोष्टी सांगितल्या, तिने कवळ्यांच्या. एका माणसाने बायकोची कवळी घालून मुलाखत दिली होती म्हणे, आणि नोकरी लागली! काका इतके हसले की पाय स्टुलावरून खाली आला. दुपारी पुन्हा मीठपाणी. चहाला पुन्हा केशरी. "हवाच दमट आहे," काका म्हणाले.

तिसऱ्या खेपेला वायरमन होल्डर घेऊन आला आणि टोपीकडे बघून डोकं खाजवायला लागला. "काका, हे काल घासलं होतं ना तुम्ही? माझ्या घरी पत्रा वर्ष वर्ष उघडा पडलाय, त्याला असा गंज धरत नाही. आपल्याकडे कुठे एवढी दमट हवा?"

"तुझ्या घरच्या हवेचं मला काय सांगतोस? तू होल्डर ठेव आणि जा," काका खेकसले. वायरमनचं काय चुकलं होतं? पण चोराला राग लवकर येतो.

भिंगरी पेपर घेऊन घासत राहिली. इकडे काकांच्या घोट्याची सूज उतरली होती, पण तेवढं लंगडणं त्यांनी चालू ठेवलं. संध्याकाळी ती भाजी चिरताना बडबडायची, ते शेजारी बसून निवडायचे. ताटात गरम पोळी पडायची. सकाळी बाथरूममधून तिचा गुणगुणण्याचा आवाज यायचा, तिने तिथे तात्पुरता चार्जिंगचा दिवा ठेवला होता. काकांना आणखी काही नको होतं.

आणि मग ती मोठी चूक झाली. एका सकाळी भिंगरीने तिचा काळा कुडता इस्त्रीला काढला. काका पेपर वाचत होते. फुस् असा ओळखीचा आवाज आला तसा त्यांनी पेपर खाली केला. बाटली रिकामी करायची राहिली होती! भिंगरीने कुडत्यावर पाणी मारलं, इस्त्री फिरवली. पाणी सुकलं तसे काळ्या कापडावर पांढरे डाग उमटले. तिने पुन्हा फवारा मारला, पुन्हा इस्त्री, पुन्हा डाग. तिने बाटली उजेडात धरली. तळाशी लिंबाची बी पडली होती. तिने एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

काकांनी पेपर डोळ्यांसमोर उंच धरला. मग पेपरवरून हळूच बघितलं तर भिंगरी पाठमोरी उभी, हातात बाटली. आता बोलणी बसणार, काकांना वाटलं. आता अशी बोलणार की आई परवडली.

"कुडता धुवावा लागेल," एवढंच ती म्हणाली आणि बाटली होती तिथे ठेवून दिली.

तिला कळलं की नाही? काकांना काही उलगडेना. विचारायची तर सोयच नाही.

त्याच सकाळी तिचा फोन वाजला. लॅबचा मालक. त्याचा आवाज असा दणदणीत की काकांना गॅलरीत बसून शब्द न् शब्द ऐकू आला. "ताई, येताय कधी? इथे अर्धं गाव बिनदातांचं बसलंय! ते आजोबा रोज येऊन बाकावर बसतात. दूध पिऊन दिवस काढतायत. दुसऱ्या मुलीने केलेली कवळी त्यांना टोचते, म्हणतात त्या ताईंच्याच हातची हवी."

भिंगरी दार ओढून आत गेली. पुढचं ऐकू आलं नाही.

काकांना ते आजोबा डोळ्यांसमोर दिसायला लागले. आपल्याच वयाचा कुणी म्हातारा, टोपी मांडीवर घेऊन बाकावर बसलेला, ताई येईल म्हणून दाराकडे बघत. त्याला पोळी चावायचीय. आणि आपण इथे पत्र्यावर मीठ मारतोय! काकांना स्वतःची लाज वाटली. तो म्हातारा वाट बघतोय, आपणही तेच करतोय. पण तो निदान सरळ बाकावर जाऊन बसतो, लबाडी तर करत नाही.

बस्स झालं, त्यांनी ठरवलं.

त्या दिवशी त्यांनी स्वतः खाली बसून पत्रा घासला. भिंगरी म्हणाली, "पाय?" ते म्हणाले, "बरा आहे पाय. कधीच बरा झालाय." टोपी, दांडी, तबकडी, तिन्ही भाग असे घासले की गॅरेजच्या जुन्या मालकाने पाठ थोपटली असती. फडकं टाकलं. जेवण झाल्यावर त्यांनी फवाऱ्याची बाटली मोरीत ओतली, तीनदा विसळली आणि उपडी घातली. "आज चहाच्या वेळी प्रायमर मारून टाकू," ते म्हणाले. "उद्या रंग. परवा तू मोकळी."

"बरं," भिंगरी म्हणाली. तिने त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. कान नेहमीच्याच रंगाचे होते.

काका आडवे झाले. सोंग न घेता खरंच झोपले. मन मोकळं झालं की झोप लागते म्हणतात ते असेलही, पण तसं मोकळंही नव्हतं. जड होतं. थकल्यामुळे लागली असेल.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळत होतं. काकांनी प्रायमरचा डबा उघडला, काडीने ढवळला, ब्रश झटकला, गॅलरीत जाऊन वर्तमानपत्रावर बसले आणि फडकं उचललं.

दांडी लख्ख होती. तबकडी लख्ख होती. टोपीवर मात्र एक हात होता.

गंजाचा हात. तळवा, अंगठा, चारही बोटं, केशरी, स्पष्ट. हात ओला करून, नीट टेकवून, दाबून धरल्याशिवाय असा ठसा उमटत नाही. काकांनी टोपी फडक्याने जवळ ओढली. दाराच्या रंगाखालून वर आलेला तो जुना हात त्यांना आठवला, आणि क्षणभर त्यांना वाटलं, ती आली होती. मग त्यांनी करंगळी बघितली. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

मागे कपबशी वाजली. भिंगरी दोन कप घेऊन दारात उभी होती.

"गंज चढला वाटतं पुन्हा," ती म्हणाली.

काकांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"माझा घाम खारट आहे ना. आईवर गेलेय." ती खाली येऊन बसली, चहा त्यांच्यासमोर ठेवला. तिचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "बाबा, तुम्हाला नुसतं 'राहा' म्हणता येत नाही का हो?"

"नाही येत," काका म्हणाले. "ते तुझ्या आईला यायचं."

"मलाही येत नाही. 'मला इथे राहायचंय' असं कधी म्हटलंय मी? आई गेल्यापासून इथे यायचं म्हटलं की मला नको व्हायचं. घर रिकामं असेल म्हणून कारणं काढायची मी. आणि तुम्ही इथे नळाला टॉर्च बांधून!" तिने डोळे कुडत्याच्या बाहीला पुसले. कुडता तिने न धुताच घातला होता, बाहीवर अजून पांढरे डाग होते. "बाटलीतलं पाणी चाखलं ना, तेव्हा आधी राग आला. मग काय झालं कुणास ठाऊक, मला इतकं बरं वाटलं. कुणीतरी मला थांबवायला एवढा खटाटोप करतंय म्हणून."

काकांनी चहाचा कप उचलला, न पिता खाली ठेवला. नाकाच्या शेंड्याशी आलेलं पाणी हाताच्या पाठीने पुसलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, "राहा गं भिंगरे. राहा थोडे दिवस."

"राहते."

"आणि ते आजोबा? दुधावर आहेत बिचारे."

"त्यांना सोमवारी येते म्हणून कळवलंय. तोवर केळी कुस्करून खा म्हटलं. रविवारपर्यंत मी इथेच. आणि आता दर महिन्याला येणार, पाय मुरगळायची वाट न बघता." तिने पॉलिश पेपरचा तुकडा उचलला. "द्या, घासून टाकते हा ठसा. प्रायमर सुकायला हवा ना दिवेलागणीच्या आत."

काकांनी टोपी तिच्या हातापासून लांब ओढली. फडक्यात धरून थोडा वेळ त्या हाताकडे बघितलं. मग ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळला आणि ठशावरूनच पहिला हात मारला. अंगठा लाल प्रायमरखाली गेला, तळवा गेला, एकेक बोट गेलं. शेवटी वाकडी करंगळी.

"अहो बाबा! गंजावर रंग? तुम्ही?" भिंगरीने कपाळावर हात मारला. "वर येईल ना तो!"

"येईल की," काका म्हणाले. त्यांचे कान जराही लाल नव्हते. "वर्षा-दोन वर्षांत येईल वर. आला की तू ये घासायला."

भिंगरीने चहाचा घोट घेतला.

"दोन वर्षं कशाला थांबायचं?" ती म्हणाली. "मीठ कुठे संपलंय घरातलं."